लवादाचे प्राचीन शास्त्र उलगडणारे महामहोपाध्याय काणे

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खेड आणि चिपळूण या दोन तालुक्यांच्या सीमेवर परशुरामाचा डोंगर उभा आहे. डोंगराच्या उत्तरेला खेड तालुक्यातील लोटे हे गाव, दक्षिणेला वाशिष्ठीच्या खोऱ्यात उतरणारा परशुराम घाट आणि डोंगरावर भगवान परशुरामाचे पुरातन देवस्थान. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या प्रवाशाला आज लोटे आठवते ते तेथील औद्योगिक वसाहतीमुळे आणि रासायनिक कारखान्यांमुळे. तथापि या परिसराची आणखी एक ओळख आहे. लोट्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या पेढे-परशुराम या गावी ७ मे १८८० रोजी पांडुरंग वामन काणे यांचा जन्म झाला. पुढे धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहून महामहोपाध्याय आणि भारतरत्न झालेले काणे ते हेच.

काणे यांचे नाव घेतले की संस्कृत पंडिताची प्रतिमा डोळ्यांसमोर येते. ती खरी असली तरी अपुरी आहे. काणे हे व्यवसायाने वकील होते आणि मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी अनेक वर्षे काम केले. त्यांच्या ग्रंथाचा फार मोठा भाग यज्ञयाग आणि व्रतवैकल्ये यांच्यापलीकडचा आहे. तंटे कोणी सोडवावेत, सोडवणाऱ्याला अधिकार कोठून मिळतो आणि त्याचा निवाडा चुकला तर दाद कोठे मागावी, या प्रश्नांना प्राचीन भारतीयांनी दिलेली उत्तरे त्यांनी शोधून काढली. आज ज्याला लवाद म्हणतात आणि त्या लवादाला न्यायालयाने द्यावयाचे जे साह्य कायद्यात सांगितले आहे, त्या दोहोंचे मूळ रूप त्या उत्तरांत दिसते. काणे यांच्या चरित्राकडे या बाजूने क्वचितच पाहिले गेले आहे.

त्यांचे वडील वामनराव दापोलीत वकिली करीत. ज्या साली पांडुरंगाचा जन्म झाला, त्याच १८८० साली सरकारने रत्नागिरी जिल्ह्यासाठी खोतीचा कायदा केला. खोत आणि कुळे यांचे वाद, सामाईक बागांच्या वाटण्या, बांध आणि पाणंदींची भांडणे, देवस्थानातील मानपान ही त्या काळच्या कोकणातील कज्जेदलालीची नित्याची सामग्री होती. यांतील पुष्कळशी भांडणे कचेरीपर्यंत येतच नसत. भावकीच्या बैठकीत किंवा गावकीच्या सभेत ती मिटत. जी मिटत नसत ती वकिलाच्या ओसरीवर येत. घरातच वकिली असलेल्या मुलाला या दोन्ही वाटांची ओळख लहानपणीच झाली असणार.

योगायोग असा की, दापोलीजवळच्या मुरूडचे सुपुत्र रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी याच १८८० साली नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख आणि याज्ञवल्क्यस्मृती यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. इंग्रज न्यायाधीशांना हिंदू कायदा मूळ ग्रंथांतून कळावा, हा त्यामागचा हेतू होता. मंडलिकांनी जेथे काम थांबवले तेथून ते पुढे नेण्याचे भाग्य दापोलीतच वाढलेल्या या मुलाच्या वाट्याला यावयाचे होते. विद्यापीठाचे मंडलिक सुवर्णपदक त्यांना मिळाले, ही त्या नात्याची पहिली खूण म्हणता येईल.

दापोलीच्या मिशन शाळेतील शिक्षण संपवून काणे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात आले. संस्कृतात त्यांनी भाऊ दाजी पारितोषिक मिळविले, एम. ए. झाले आणि कायद्याच्या परीक्षाही दिल्या. १९०४ ते १९०७ या काळात रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांनी शिक्षकी केली. परिस्थिती बेताची असताना सरकारी नोकरी हा मोठाच आधार होता. तरीही १९११ साली त्यांनी ती सोडली आणि उच्च न्यायालयात वकिलीस आरंभ केला. पुढच्याच वर्षी ते एलएल. एम. झाले. १९१७ ते १९२३ या काळात ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक होते.

त्यांनी वकिली सुरू केली त्या काळात लवादाचा कायदा एकसंध नव्हता. मुंबई शहरासाठी १८९९ चा लवाद कायदा लागू होता. शहराबाहेर, म्हणजे दापोली, खेड किंवा चिपळुणात, १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टातील नियम चालत. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधील दोन कापडव्यापाऱ्यांचा तंटा एका कायद्याने मिटवला जाई आणि लोट्याच्या दोन भावांचा दुसऱ्या. त्याहून आधी, १८२७ साली, मुंबई सरकारने लवादासाठी सातवा रेग्युलेशन केला होता. १८५९ च्या संहितेनेही खासगी लवादाचा निवाडा न्यायालयात दाखल करून घेण्याची सोय ठेवली होती. इंग्रजी कायद्यात वाढलेल्या वकिलांना ही सारी व्यवस्था विलायतेहून आलेली वाटे. काणे यांनी मूळ ग्रंथ वाचावयास घेतले तेव्हा वेगळेच चित्र पुढे आले.

त्याचे निमित्तही वकिलीचेच होते. हिंदू वारसा आणि वाटणी यांच्या दाव्यांत महाराष्ट्र आणि रत्नागिरी जिल्ह्यात विज्ञानेश्वराची मिताक्षरा मुख्य प्रमाण मानली जाई. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात व्यवहारमयूखाला अग्रमान होता. म्हणजे सतराव्या शतकातील एका ग्रंथातील एखाद्या ओळीच्या पाठावर विसाव्या शतकातील घर, शेत किंवा पेढी कोणाकडे जाणार हे ठरत असे. पाठ चुकीचा असेल तर निकालही चुकणार. काणे यांनी अनेक हस्तलिखिते ताडून पाहून व्यवहारमयूखाची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. १९२६ साली ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडून प्रसिद्ध झाली. या आवृत्तीला धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडक्यात परिचय करून देणारी प्रस्तावना जोडावी, असा त्यांचा बेत होता. ती प्रस्तावना वाढत गेली आणि तिचाच धर्मशास्त्राचा इतिहास झाला. पहिला खंड १९३० साली निघाला, दुसरा १९४१ साली, तिसरा १९४६ साली, चौथा १९५३ साली. पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ साली बाहेर पडला, तेव्हा लेखकाचे वय ८२ वर्षांचे होते. सारी पृष्ठसंख्या साडेसहा हजारांवर गेली होती.

या दरम्यान १९३३ साली त्यांनी आणखी एक काम केले, ज्याचे मोल कायद्याच्या अभ्यासकांना विशेष कळेल. न्यायदानाच्या पद्धतीवर कात्यायनाची स्मृती प्राचीन काळी फार प्रमाण मानली जाई. पण तो ग्रंथ कालौघात नाहीसा झाला होता. नंतरच्या निबंधकारांनी आपापल्या ग्रंथांत त्यातील जे श्लोक उतरवून घेतले होते, ते काणे यांनी वेचले, जुळविले आणि नऊशेहून अधिक श्लोकांची कात्यायनस्मृती पुन्हा उभी केली. न्यायालयातील फिर्याद, उत्तर, पुरावा, साक्षीदार, निकाल यांविषयी प्राचीन भारतात किती काटेकोर विचार झाला होता, याचा पुरावाच त्यामुळे हाती आला.

या अभ्यासाचा परिपाक तिसऱ्या खंडात आहे. राजधर्म, व्यवहार आणि सदाचार हे या खंडाचे विषय. व्यवहार म्हणजे येथे न्यायालयीन वाद. याज्ञवल्क्य, नारद, बृहस्पती आणि कात्यायन यांच्या वचनांची सांगड घालून काणे यांनी न्यायसंस्थांची जी उतरंड मांडली आहे, ती लवादाच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्याने अवश्य पाहावी अशी आहे. सर्वांत खाली कुल, म्हणजे नातलगांची सभा. त्याच्या वर श्रेणी, म्हणजे एकाच धंद्यातील लोकांचा संघ. घोड्यांचे व्यापारी, विड्याची पाने विकणारे, विणकर, चर्मकार अशी उदाहरणे मिताक्षरेने दिली आहेत. त्याच्या वर पूग किंवा गण, म्हणजे निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या, परंतु एकाच ठिकाणी राहणाऱ्या लोकांची सभा. त्यानंतर राजाने नेमलेले न्यायाधीश आणि शेवटी स्वतः राजा. कोकणातील वाचकाला यातील कुल म्हणजे भावकी आणि पूग म्हणजे गावकी हे ओळखावयास वेळ लागणार नाही.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या नियमांत आहे. पहिला नियम असा की, ज्यांना विषयाची माहिती आहे त्यांनीच प्रथम निर्णय करावा. रानात राहणाऱ्यांचे तंटे रानातल्यांनी, व्यापाऱ्यांचे व्यापाऱ्यांनी, सैनिकांचे सैनिकांनी सोडवावेत, असे बृहस्पतीने सांगितले आहे. दुसरा नियम मर्यादेचा. मारहाण, दरोडा यांसारखे साहसाचे गुन्हे या खासगी सभांच्या कक्षेबाहेर ठेवले होते. ते राजाकडेच जावयाचे. तिसरा नियम अपिलाचा. कुलाच्या निर्णयाने समाधान झाले नाही तर श्रेणीकडे, तेथून पूगाकडे आणि तेथून राजाच्या न्यायसभेकडे दाद मागता येई. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. बळजोरीने किंवा कपटाने झालेला, रात्री, बंद घरात किंवा गावाबाहेर झालेला, अथवा शत्रूने केलेला व्यवहार राजाने रद्द करावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. निर्णय उघडपणे, दोन्ही बाजूंना कळेल अशा रीतीने झाला पाहिजे, हेच यातून सुचविले आहे. राग, लोभ किंवा भीती यांमुळे सभासदांनी उघड चुकीचा निर्णय दिला, तर त्यांना दंड करण्याचीही तरतूद होती.

राजाचे काम केवळ चुका सुधारण्याचे नव्हते. श्रेणी आणि गण यांनी आपसांत केलेल्या ठरावांना संविद म्हणत. ती मोडणाऱ्याला कडक शासन करावे आणि या संघांचे आचार राजाने राखावेत, असा दंडक होता. म्हणजे खासगी सभेने ठरवावे, राजाने ते पाळावयास लावावे आणि अन्याय झाला असेल तेवढ्यापुरताच हात घालावा, अशी ही तिहेरी रचना होती. सभेला राजाचे पाठबळ नसते तर तिचा शब्द हवेत विरला असता. आणि राजाने प्रत्येक बाबतीत ढवळाढवळ केली असती तर सभेला अर्थच उरला नसता.

ही रचना मराठेशाहीपर्यंत जिवंत होती. गोतसभेपुढे वाद जाई तेव्हा दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र. त्या काळी त्याचा अर्थ पंचांचा निर्णय मान्य करण्यास राजी असल्याचा लेख. आजच्या लवाद कराराचे ते थेट पूर्वरूप होय. निर्णय पाळला जावा म्हणून जामीन घेतले जात. हरलेल्या पक्षाकडून येजितखत, म्हणजे आपण हरलो हे मान्य करणारे पत्र, लिहून घेत. निवाड्याचा महजर होई. जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि हरणाऱ्यावर गुन्हेगारी बसे. सभा गोताची, पण मागे उभे सरकार. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने दख्खनमध्ये पंचायती चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. परंतु कंपनी सरकारची नवी न्यायालये उभी राहताच लोक तिकडे वळले आणि पंचायतींचा जोर ओसरला. मागचा आधार सैल झाला की सभा कशी निष्प्रभ होते, याचे हे उदाहरण होते. पुढे १९३४ साली मद्रास इलाख्यातून आलेल्या एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलनेही गावपंचांकडे तंटा सोपविण्याची रीत हा भारतात पूर्वापार चालत आलेला लवादच असल्याचे मान्य केले.

येथवरची हकिगत ऐकून कोणी म्हणेल की, मग जुने तेच सोने. काणे तसे म्हणणारे नव्हते आणि त्यांच्या चरित्रातील खरा पेच येथेच आहे. याज्ञवल्क्याच्या ज्या वचनात कपटाने झालेले व्यवहार रद्द करण्यास सांगितले आहे, त्याच वचनातील यादीत स्त्रियांनी केलेल्या व्यवहारांचाही समावेश आहे. आपल्या माणसांची सभा नेहमीच न्यायी असते असे नाही. तिच्यात ज्यांना आवाज नसतो, त्यांच्यावर ती सर्वांत कठोर होऊ शकते. पंढरपूरला केशवपन न केलेल्या एका ब्राह्मण विधवेला विठ्ठलाच्या पूजेचा अधिकार नाकारण्यात आला, तेव्हा रूढीचे सर्व पाठबळ नाकारणाऱ्यांकडे होते. तिच्या बाजूने वकील म्हणून काणे उभे राहिले. ज्या शास्त्राच्या नावाने तिला अडविले जात होते, ते शास्त्र त्यांच्याइतके जाणणारा दुसरा वकील त्या काळी मिळणे कठीण होते. शास्त्रवचने काळानुसार बदलत आली आहेत, पूर्वी मान्य असलेल्या कित्येक गोष्टी नंतर वर्ज्य ठरल्या आणि वर्ज्य असलेल्या मान्य झाल्या, हे त्यांनी ग्रंथात पानोपानी दाखविले होते. ते केवळ पांडित्य नव्हते, हे पंढरपूरच्या दाव्याने सिद्ध केले. जातीच्या किंवा गावाच्या निर्णयाने माणसाचा मूलभूत अधिकार हिरावला जात असेल, तर त्याला न्यायालयाचे दार उघडे असलेच पाहिजे, हा त्या दाव्याचा गाभा होता.

हा प्रश्न त्या काळापुरता नव्हता. इंग्रज सरकारने १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी पडू नये असे ठरविले होते. त्यामुळे वाळीत टाकलेल्या माणसाला पुष्कळदा कोणीच वाली नसे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला; तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरविला. अखेर महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला आणि तो पुढच्या वर्षी अंमलात आला. कोकणातील गावक्यांनी कुटुंबांना वाळीत टाकल्याच्या तक्रारी हे त्या कायद्याच्या मागणीचे एक मोठे कारण होते. स्वेच्छेने स्वीकारलेला लवाद आणि लादलेला पंचांचा निर्णय यांतील रेषा किती महत्त्वाची आहे, हे त्यावरून कळते. लवादाचा पाया संमती हा आहे. संमती नसेल तर ती केवळ जबरदस्ती होय.

तिसऱ्या खंडाचे काम चालू असतानाच देशातील लवादाचा कायदाही बदलला. १८९९ चा कायदा आणि संहितेतील परिशिष्ट बाजूला सारून १९४० साली संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच लवाद कायदा आला. शहर आणि खेडे यांतील भेद त्याने मिटविला. परंतु दुसरीच अडचण निर्माण झाली. लवादाचा निवाडा न्यायालयात दाखल करून त्यावर हुकूमनामा मिळाल्याशिवाय त्याला बळ येत नसे. लवाद नेमण्यापासून निवाडा दाखल करण्यापर्यंत पायरीपायरीला न्यायालयात जावे लागे आणि तेथे वर्षानुवर्षे जात. न्यायालये टाळण्यासाठी काढलेली वाट पुन्हा न्यायालयाच्याच आवारात येऊन संपे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने या दुरवस्थेवर कठोर शब्दांत टीका केली. जुन्या स्मृतिकारांनी जो तोल सांभाळण्याचा प्रयत्न केला होता, तो या कायद्यात एका बाजूला ढळला होता.

काणे यांचे उत्तरायुष्य सन्मानांचे होते. १९४२ साली सरकारने त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली. १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९४८ साली पॅरिस, १९५१ साली इस्तंबूल आणि १९५४ साली केंब्रिज येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदांना ते उपस्थित राहिले. १९५३ पासून १९५९ पर्यंत ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते. याच काळात हिंदू विवाह आणि वारसा यांविषयीचे नवे कायदे संसदेने संमत केले. ज्या स्मृतींचा इतिहास लिहिण्यात काणे यांनी आयुष्य घालविले, त्यांची न्यायालयातील सत्ता त्या कायद्यांनी बहुतांशी संपविली. तो बदल घडविणाऱ्या सभागृहातच हे इतिहासकार बसले होते. १९५६ साली इतिहासाच्या चौथ्या खंडाला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, १९५९ साली ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले आणि १९६३ साली डॉ. झाकिर हुसेन यांच्यासमवेत त्यांना भारतरत्न देण्यात आले.

या सर्व काळात त्यांचे राहणे गिरगावातील आंग्रेवाडीतच होते. पोटाच्या जुनाट दुखण्याने त्यांना तरुणपणापासून छळले होते. लेखनिकांचा ताफा नव्हता, मोठे अनुदान नव्हते. दिवसा वकिली आणि उरलेल्या वेळात ग्रंथ, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. वकिलाची शिस्त त्यांच्या लेखनात सर्वत्र दिसते. प्रत्येक विधानाला आधार, विरुद्ध मताचा प्रामाणिक उल्लेख आणि मगच निष्कर्ष. स्वतःला न पटणारे वचनही त्यांनी दडविले नाही. १९७२ साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईत त्यांचे निधन झाले. एशियाटिक सोसायटीने त्यांच्या नावाने संशोधन संस्था चालविली असून त्यांच्या ग्रंथांचे दाखले न्यायालयांच्या निकालांत अजूनही येतात.

त्यांच्या निधनानंतर चोवीस वर्षांनी, १९९६ साली, भारताने लवादाचा नवा कायदा केला. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक आयोगाने १९८५ साली तयार केलेला नमुना त्याचा आधार होता. तथापि त्यातील न्यायालयाची भूमिका पाहिली की काणे यांच्या तिसऱ्या खंडातील पाने आठवल्यावाचून राहत नाहीत. कायद्यात सांगितले असेल तेथेच न्यायालयाने हस्तक्षेप करावा, हे कलम ५ चे सूत्र. लवादाचा करार असताना कोणी दावा लावला, तर न्यायालयाने पक्षांना लवादाकडे पाठवावे (कलम ८). वादाचा विषय असलेली मालमत्ता नाहीशी होऊ नये म्हणून तातडीचा अंतरिम आदेश द्यावा (कलम ९). लवाद नेमण्यावर एकमत होत नसेल तर उच्च न्यायालयामार्फत नेमणूक करून घ्यावी (कलम ११). साक्षीदार येत नसेल तर त्याला आणण्यास साह्य करावे (कलम २७). निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ द्यावे (कलम ३६). आणि निवाडा रद्द करावयाचा तो ठरावीक कारणांसाठीच: करार अवैध असेल, एखाद्या पक्षाला बाजू मांडण्याची संधी मिळाली नसेल, लवादाने आपल्या कक्षेबाहेर जाऊन निर्णय दिला असेल, अथवा निवाडा कपटाने मिळविलेला किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असेल (कलम ३४). त्यासाठीही तीन महिन्यांची मुदत, आणि पुरेसे कारण दाखविल्यास फार तर आणखी तीस दिवस. फौजदारी गुन्हे आणि वैवाहिक दर्जाचे वाद लवादाच्या कक्षेबाहेर राहिले; साहसाचे गुन्हे वगळणाऱ्या बृहस्पतीची येथे आठवण होते.

कायदा झाला तरी तोल साधण्याची खटपट संपलेली नाही. निवाड्याला आव्हान देताच त्याची अंमलबजावणी आपोआप थांबे. २०१५ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून घेतली आणि निवाड्यासाठी बारा महिन्यांची मुदत घातली. पुढे २०१९ साली ही मुदत दोन्ही पक्षांची निवेदने पूर्ण झाल्यापासून मोजावी असे ठरले. न्यायालयाने निवाडा रद्द तरी करावा किंवा कायम तरी ठेवावा, की त्यात दुरुस्तीही करावी, हा वाद बराच काळ चालला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने काही मर्यादित बाबतींत न्यायालयाला निवाड्यात बदल करता येईल, असा निर्णय दिला. न्यायालयाचा हात कोठवर जावा, हा प्रश्न आजही पुन्हा पुन्हा तपासला जातो आहे.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत या प्रश्नाला फार व्यावहारिक अर्थ आहे. कारखान्यांना सुटे भाग, रसायने, पिंपे किंवा वाहतूक पुरविणाऱ्या लहान उद्योजकाचे पैसे अडले, तर त्याला वर्षानुवर्षे दिवाणी दावा चालविणे परवडत नाही. त्याच्यासाठी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने वेगळी वाट केली आहे. मालाचे पैसे करारात काहीही लिहिलेले असले तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावयाचे. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणीकृत पुरवठादाराला सुविधा परिषदेकडे जाता येते. परिषद प्रथम समेट घडवून पाहते आणि तो न झाल्यास लवाद चालविते. देणेकऱ्याला निवाड्याविरुद्ध न्यायालयात जावयाचे असेल, तर आधी निवाड्यातील रकमेच्या पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. लहान माणसाचा निवाडा कागदावरच राहू नये, यासाठी कायद्याने मागे उभे केलेले हे बळ आहे.

काणे यांनी लवादाचा कायदा लिहिला नाही आणि तो त्यांच्या ग्रंथावरून बेतलेलाही नाही. त्यांनी केले ते वेगळे आणि अधिक टिकाऊ काम. आपसांत तंटा मिटविणे ही या भूमीतील लोकांची जुनी रीत आहे, ती केवळ सद्भावनेवर चालत नव्हती, तिला नियम होते आणि त्या नियमांना राज्याचा आधार होता, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखविले. त्याचबरोबर आपल्याच माणसांची सभा अन्याय करू लागली तर तिच्यापुढे मान तुकविण्याचे कारण नाही, हे त्यांनी वकिलीच्या मार्गाने सांगितले. भावकी आणि गावकी अजूनही बैठका घेतात, व्यापारी करारांत लवादाची कलमे लिहिली जातात आणि न्यायालयांतील खटल्यांचे ढीग वाढत आहेत. अशा काळात परशुरामाच्या डोंगरावर जन्मलेल्या या पंडिताच्या कामातील ही दोन्ही अंगे एकत्र वाचली पाहिजेत. एक घेऊन दुसरे सोडणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.